"ताप डोक्यात गेला" म्हणजे नेमकं काय होतं?

समजा, रात्रीचे दोन वाजलेत. यवतमधलं एखादं घर. बाहेर सोलापूर हायवेवरच्या ट्रकांचा आवाज सोडला तर सगळं शांत. दीड वर्षाचं बाळ संध्याकाळपासून कणकणत होतं, आता अंग नुसतं भाजतंय. थर्मामीटर 103.6 दाखवतो. आई त्याला मांडीवर घेते आणि तेवढ्यात बाळ ताठ होतं. डोळे वर जातात, हातपाय झटके द्यायला लागतात, तोंडाला फेस येतो, ओठ काळेनिळे पडतात.

"अहो, डोळे बघा ह्याचे!"

मग घरभर धावपळ. कुणी कांदा फोडून आणतं, कुणी चमचा शोधतं, आजी देवाजवळचा अंगारा आणते. दोन मिनिटांनी झटके थांबतात आणि बाळ गळून झोपी जातं. सकाळी शेजारीपाजारी येतात आणि एकच वाक्य ऐकू येतं, "ताप डोक्यात गेला होता."

मंडळी, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलोय. गंमत अशी की या एका वाक्यात आपण तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. त्यातल्या काही दिसायला भयंकर पण निरुपद्रवी असतात. काही मात्र दिसायला साध्या आणि खरोखर जीवघेण्या असतात. आईबापांचा गोंधळ उडतो तो इथेच.

ताप डोक्यात जात नाही, तो तिथूनच येतो

आपल्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटासा भाग आहे. शरीराचं तापमान किती ठेवायचं हे तो ठरवतो. घरातल्या गिझरचा काटा असतो ना, तसंच. एरवी हा काटा 98.6 फॅरेनहाइटच्या आसपास असतो. शरीरात जंतू शिरले की रोगप्रतिकारक पेशी काही रसायनं सोडतात, ती मेंदूपर्यंत निरोप पोचवतात आणि काटा वर सरकतो. समजा तो 103 वर गेला. आता शरीर 99 वर असेल तर मेंदूच्या हिशोबाने ते "गार" आहे! मग ते तापवायची तयारी सुरू होते.

बाळाला हुडहुडी भरते ती यामुळेच. स्नायू थरथरले की उष्णता तयार होते. हातापायाच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे उष्णता बाहेर जात नाही. म्हणून पोट आणि कपाळ तव्यासारखं तापलेलं आणि तळहात, तळपाय मात्र बर्फासारखे गार, असा विचित्र प्रकार दिसतो. गोऱ्या बाळांच्या मांड्यांवर जांभळट जाळीसारखे डागही दिसतात. ताप चढताना यातलं काहीही दिसलं, बाळ शुद्धीत असलं आणि अंग गरम झाल्यावर हातपायही गरम झाले, तर फार काळजीचं कारण नाही. ताप उतरताना याच्या उलट होतं. काटा खाली येतो, रक्तवाहिन्या मोकळ्या होतात आणि दरदरून घाम सुटतो.

आता थंड पाण्याच्या पट्ट्यांचं काय? आपल्या आधीच्या पिढीत तर कोलन वॉटरची बाटली कपाटात असायचीच. पट्टीने कातडी गार होते, पण काटा वरच राहतो. पाणी जास्त थंड असेल तर बाळ आणखी कुडकुडतं आणि ताप वाढवायची खटपट जोरात सुरू होते. म्हणून पुसायचंच असेल तर कोमट पाण्याने, आणि तेही बाळाला बरं वाटत असेल तरच. स्पिरिट किंवा बर्फ नको. काटा खाली आणण्याचं काम पॅरासिटामॉल करतं. चार गोधड्यांत गुंडाळणंही नको. पातळ सुती कपडे पुरे.

आणि हो, "जास्त ताप आला की मेंदूला इजा होते" हा समजही अर्धवट आहे. साध्या संसर्गात हायपोथॅलॅमस काटा अमुक मर्यादेपुढे जाऊ देत नाही. 103-104 च्या तापाने धडधाकट मुलाच्या मेंदूला इजा होत नाही. इजा होते ती तापामागच्या आजाराने, जर तो आजार मेंदूचाच असेल तर. उन्हात बंद गाडीत अडकलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. तिथे काटा हललेला नसतो, शरीरच बाहेरून भाजत असतं. तो ताप नव्हे, उष्माघात.

आकडी: सगळ्यात भीतीदायक

आता त्या रात्री दोनच्या प्रसंगाकडे येऊ. याला डॉक्टर फेब्राइल सीझर म्हणतात, आपण तापातली आकडी किंवा तापातले झटके. सहा महिने ते पाच वर्षं या वयात दर 100 मुलांमागे 2 ते 5 मुलांना कधी ना कधी ती येते. दीड वर्षाच्या आसपास प्रमाण सर्वाधिक. म्हणजे यवतएवढ्या गावात असं मूल बहुतेक प्रत्येक आळीत सापडेल. फक्त लोक बोलत नाहीत, कारण "फिट येते" म्हटलं की पुढे मुलीच्या लग्नापर्यंत विषय जातो.

या वयातला मेंदू वाढत असतो आणि तापात त्याच्या विजेच्या संदेशांचा तोल सहज ढळतो. हे अनेकदा घराण्यात असतं. आजीला विचारलं तर "अगं, तुझ्या नवऱ्यालाही लहानपणी यायची" असं निघतं. काही वेळा तर घरच्यांना ताप आलाय हे कळायच्या आधीच आकडी येते.

साधी आकडी म्हणजे सगळं अंग झटके देतं, 15 मिनिटांच्या आत थांबते (बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांतच) आणि 24 तासांत पुन्हा येत नाही. त्यानंतर मूल अर्धापाऊण तास गुंगीत असतं आणि मग हळूहळू ओळख दाखवतं.

याने मेंदू अधू होतो का? अमेरिकेत कॅरिन नेल्सन आणि जोनास एलनबर्ग यांनी तापात आकडी आलेल्या 1,706 मुलांची सात वर्षांच्या वयापर्यंतची माहिती तपासली. 1976 आणि 1978 साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. आकडीमुळे एकही मूल दगावलं नव्हतं. बुद्ध्यंकाच्या बाबतीत ही मुलं आपल्या सख्ख्या भावंडांसारखीच होती. पुढे अपस्मार, म्हणजे ज्याला आपण फेफरं म्हणतो, तो साधारण 2 टक्के मुलांना झाला. इतर मुलांपेक्षा हे थोडं जास्त आहे, पण 98 टक्के मुलांना काहीच झालं नाही हेही तितकंच खरं.

एक कडू गोष्ट मात्र सांगायलाच हवी. एकदा आकडी आलेल्या मुलांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शाच्या मुलांना पुढच्या एखाद्या तापात ती पुन्हा येते. आणि तापाचं औषध घड्याळ लावून दिलं तरी ती टळत नाही, असंच बहुतेक अभ्यासांत दिसलंय. त्यामुळे "मी औषध द्यायला अर्धा तास उशीर केला म्हणून झालं" असं म्हणून रडणाऱ्या आईला कृपया सांगा की तिची काहीही चूक नव्हती. औषध द्यायचं ते मुलाला बरं वाटावं, त्याने दोन घोट पाणी प्यावं म्हणून.

त्या दोन मिनिटांत करायचं काय? सगळ्यात आधी घड्याळ बघा. खरंच. आपल्याला ती दोन मिनिटं वीस वाटतात आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. मुलाला सपाट जागी, शक्यतो जमिनीवर, एका कुशीवर ठेवा. म्हणजे लाळ किंवा उलटी बाहेर पडेल, श्वासनलिकेत जाणार नाही. गळ्याभोवतीचं सैल करा. काळा दोरा, ताईत घट्ट असेल तर तोही. घरातल्या दुसऱ्या कुणाला मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा. ऐकायला निर्दय वाटेल, पण झटके दोन्ही बाजूंना होते की एकाच हाताला, डोळे कुठे वळले होते, हे डॉक्टरांना त्यातून कळतं. (आणि तो व्हिडिओ डॉक्टरांनाच दाखवायचा, फॅमिली ग्रुपवर नाही!)

तोंडात चमचा, बोट, काहीही घालायचं नाही. दातखिळी जोर लावून उघडायची नाही. जीभ गिळली जात नाही, दात मात्र तुटतात आणि तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. पाणी किंवा औषध पाजायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा, चप्पल हुंगवल्याने आकडी थांबत नाही. ती आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला मिळतं. अंगारा कपाळाला लावायला माझी हरकत नाही, फक्त तो तोंडात जाऊ देऊ नका.

पाच मिनिटं झाली आणि झटके थांबले नाहीत, तर वाट बघायची नाही. 108 ला फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा 2014 पासून राज्यात आहे आणि मोफत आहे. जवळ गाडी तयार असेल तर सरळ निघा. आधी जवळचा दवाखाना, म्हणजे यवतकरांसाठी गावातलं ग्रामीण रुग्णालय किंवा हाकेच्या अंतरावरचे बालरोगतज्ज्ञ. झटके थांबवायचं औषध जितकं लवकर मिळेल तितकं चांगलं. झटके सुरू असताना चाळीसेक किलोमीटर पुण्याला थेट पळवण्यापेक्षा आधी ते औषध टोचून मग पुढे नेणं शहाणपणाचं. आकडी लवकर थांबली तरी पहिल्या वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच.

थंडी वाजून थरथरणं आणि आकडी यात घोटाळा होतो. फरक सोपा आहे. हुडहुडीत मूल तुमच्याकडे बघतं, रडतं, हाक मारली तर ओळखतं. आकडीत ते तिथे नसतंच, नजर हरवलेली असते. ताप चढताना झोपेत एखादवेळी दचकणं हाही निराळाच, बहुतेक वेळा निरुपद्रवी प्रकार.

बरळणं, भिंतीवर मुंग्या दिसणं

यवतहून पुण्याकडे निघालं की वाटेत उरुळी कांचन लागतं. तिथला निसर्गोपचार आश्रम गांधीजींनी 1946 साली सुरू केला. पण पाणी-मातीच्या उपचारांवरचा त्यांचा विश्वास त्याआधी कितीतरी वर्षांपासूनचा होता आणि त्याची परीक्षा घरातच झाली होती. 1902 सालची गोष्ट. मुंबईत गिरगावात बिऱ्हाड होतं. दुसरा मुलगा मणिलाल दहा वर्षांचा होता. त्याला विषमज्वर झाला, बरोबर न्यूमोनिया. ताप 104 वर आणि रात्री बरळणं सुरू. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचं सूप द्यायला सांगितलं. गांधीजींनी ते नाकारलं आणि कटिस्नान, संत्र्याचा रस सुरू केला. एका रात्री मुलगा अगदी भाजत होता, घाम नव्हता. त्यांनी ओल्या चादरीत गुंडाळून वर घोंगडी घातली, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला, कस्तुरबांवर सोपवलं आणि स्वतः चौपाटीवर फिरायला गेले, रामनाम घेत. परत आले तेव्हा मणिलालला घाम फुटला होता, ताप उतरत होता. हे सगळं त्यांनी आत्मकथेत लिहिलंय. आणि तो नेमका कशाने बरा झाला हे कुणी सांगावं, अशा अर्थाची कबुलीही दिली आहे.

हा प्रामाणिकपणा मला आवडतो. पण त्या काळी विषमज्वरावर औषधच नव्हतं. क्लोरॅम्फेनिकॉल आलं 1948 साली. म्हणजे तेव्हा डॉक्टरांच्या हातातही फार काही नव्हतं. आज अँटिबायोटिक असताना ओल्या चादरीवर विसंबणं म्हणजे मुलाचा जीव पणाला लावणं.

मणिलालच्या बरळण्याला जुनी माणसं "वात झाला" म्हणायची. जास्त तापात मूल अर्धवट झोपेत काहीबाही बोलतं, भिंतीवर मुंग्या चालताना दिसतात, "तो बघ, कोपऱ्यात माणूस उभा आहे" म्हणतं. काही मुलांना आपले हात अचानक मोठे झाल्यासारखे वाटतात किंवा आई खूप लांब, इवलीशी दिसते. या प्रकाराला तर 1955 साली जॉन टॉड या डॉक्टरांनी ॲलिसच्या गोष्टीवरूनच ॲलिस इन वंडरलँड सिंड्रोम असं नाव दिलं. घरात मात्र "बाहेरचं काहीतरी लागलंय" अशी कुजबुज सुरू होते आणि दृष्ट काढायची तयारी होते.

हे बरळणं बहुतेक वेळा तासाभरात सरतं. दिवा लावा, जवळ घ्या, शांतपणे बोला. वाद घालू नका. ताप थोडा उतरल्यावर मूल तुम्हाला नीट ओळखतंय का, विचारलेल्याचं उत्तर देतंय का, हे बघा. देत असेल तर ठीक. ताप उतरूनही गोंधळ तसाच असेल, तर पुढचा भाग नीट वाचा.

मेंदूलाच संसर्ग होतो तेव्हा

1965 साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. तो शोधला पुण्याच्या प्रयोगशाळेने, जिला आज आपण एनआयव्ही म्हणून ओळखतो. गावाच्या नावावरून त्याचं नाव चांदीपुरा विषाणू पडलं. बरीच वर्षं तो कुणाच्या खिजगणतीत नव्हता. मग 2003 च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आंध्र प्रदेशात 329 मुलं आजारी पडली आणि त्यातली 183 दगावली. त्या वर्षी महाराष्ट्रातही रुग्ण होते. 2024 साली गुजरातमध्ये पुन्हा उद्रेक झाला. सँडफ्लाय ही डासाहूनही बारीक माशी तो पसरवते. मातीच्या भिंतींच्या फटी, गोठे, ओलसर कोपरे ही तिची घरं.

यात ताप, उलट्या, झटके आणि बेशुद्धी हे सगळं एक-दोन दिवसांत होतं. सुरुवात अगदी साध्या तापासारखी असते. असा आजार दुर्मीळ आहे, हे पुन्हा सांगतो. पण मेंदूज्वर आणि मेंदूच्या आवरणाला येणारी सूज, म्हणजे मेनिंजायटिस, यांच्या खुणा माहीत असायला हव्यात. आकडीनंतर तासभर उलटला तरी मूल शुद्धीवर येत नाही. आकडी पुन्हा पुन्हा येते, किंवा एकाच बाजूच्या हातापायाला येते. मान ताठ होते, हनुवटी छातीला टेकवता येत नाही. तान्ह्या बाळाची टाळू फुगते. अंगावर लालजांभळे ठिपके येतात आणि काचेचा ग्लास दाबला तरी फिके पडत नाहीत. उलट्या थांबत नाहीत. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

अशा वेळी डॉक्टर पाठीतलं पाणी काढून तपासायला सांगतात आणि घरचे हबकतात. "त्याने पोर लुळं पडतं" हा समज पक्का बसलाय. सुई मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली टोचतात, त्यामुळे लुळं पडण्याची भीती नसते. आणि मेनिंजायटिस असेल तर कोणतं औषध द्यायचं हे त्या पाण्यावरून ठरतं. सही करायला तास घालवू नका. पेंटाव्हॅलेंट आणि पीसीव्ही या सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या लसी मेनिंजायटिसच्या दोन मोठ्या जंतूंपासून वाचवतात. कार्ड काढून एकदा तारखा बघून घ्या.

गप्प पडलेलं मूल

तुकोबांची पालखी यवतला पिठलं-भाकरी खाऊन पुढे गेली की पावसाळी तापाचे दिवस सुरू होतात. डेंगूही त्यातच. आणि इथे मघाचंच लक्षण उलटा अर्थ घेऊन येतं. ताप चढताना हातपाय गार पडणं साधं. पण तीन-चार दिवसांनी ताप उतरला, घरचे निर्धास्त झाले आणि आता मुलाचे हातपाय गार, चिकट लागतात, पोट दुखतं, उलट्या होतात, लघवी कमी झालीये, तर ती डेंगूची धोक्याची वेळ असू शकते. तेव्हा लगेच दवाखाना. डेंगूची शंका असेल तर आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड अशी औषधं नकोत, फक्त पॅरासिटामॉल.

उलट, तीन दिवस सणकून ताप आणि तो उतरताच अंगावर गुलाबी पुरळ, मूल मात्र खेळतंय, असं वर्ष-दीड वर्षाच्या बाळांत दिसलं तर तो बहुधा रोझिओला. तो आपोआप जातो.

आकडी, बरळणं यांचा गोंगाट होतो म्हणून लोक धावतात. जे मूल नुसतं पडून आहे, दूध ओढत नाही, सुई टोचली तरी नीट रडत नाही, त्याला मात्र "झोपू दे, दमलंय" म्हटलं जातं. आशाताईंना शिकवलेल्या धोक्याच्या खुणांत हेच येतं: पिता न येणं, प्यायलेलं सगळं ओकणं, झटके, सुस्ती. श्वासही मोजा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट. दोन महिने ते एक वर्ष या वयात 50 किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त असेल तर तो वेगवान श्वास आहे. आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर 100.4 एवढा ताप पुरे, दुसरं लक्षण शोधत बसू नका, दाखवा.

बाटलीवरचं लेबल

पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर असतो. दर किलोला साधारण 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात चार वेळांहून जास्त नाही. घोळ बाटल्यांचा असतो. थेंबांच्या बाटलीत 1 मिलीत 100 मिलिग्रॅम असतं. सिरप एक 125 चं आणि दुसरं 250 चं, तेही 5 मिलीमागे. दहा किलोच्या बाळाला थेंब 1.5 मिली, 125 चं सिरप 6 मिली आणि 250 चं 3 मिली. आता कुणी सवयीने थेंबांच्या बाटलीतून 6 मिली पाजलं तर डोस चौपट झाला! शेजारच्या घरची बाटली आणली असेल तर आधी लेबल वाचा. निमेसुलाइड 2011 पासून बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्याकडे बंद आहे आणि ॲस्पिरिनही मुलांना तापात द्यायचं नाही.

घरात एकदा आकडी येऊन गेली असेल तर डॉक्टरांना मिडाझोलामच्या नाकात मारायच्या स्प्रेबद्दल विचारा. पाच मिनिटांवर गेलेली आकडी घरीच थांबवायला तो वापरतात. किती वेळा दाबायचा हे मुलाच्या वजनावरून डॉक्टर लिहून देतील. ती चिठ्ठी स्प्रेच्या डबीलाच रबराने बांधून ठेवा, आणि मूल अंगणवाडीत किंवा आजोळी जात असेल तर तिथेही एकदा दाखवून ठेवा. दर सहा महिन्यांनी वजन बदललं की चिठ्ठीही बदलून घ्यायची.